सीडीबाईंनी काढलेला प्रोग्राम

सीडीबाईंचा मत्सर कोणापासून लपलेला नव्हता, आणि तो लपवायची तसदी त्यांनीही कधी घेतली नाही. धाकट्या जावेने नवे पडदे लावले की यांना आपल्या घरात ऊन फार येतंय असं वाटू लागे. शेजारणीच्या मुलाला बढती मिळाली तेव्हा यांचं दोन दिवस डोकं दुखत होतं. नवरा चेष्टेने म्हणायचा, "अगं, तू वर गेलीस तरी आधी शेजारणीला कुठली खोली मिळालीय ते बघशील."

"बघणारच," बाई म्हणायच्या. "माझ्याहून मोठी असेल तर आत पाऊल टाकणार नाही."

पण जगात एक जागा अशी होती जिथे त्यांना कोणाचा मत्सर करावा लागत नव्हता. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, स्कॅन विभागात, कोपऱ्यातलं टेबल. एकोणीस वर्षं ते त्यांचं होतं. पेशंटचा स्कॅन झाला की त्याची चित्रं सीडीवर उतरवायची, सीडी कागदी पाकिटात घालायची आणि पाकिटावर मार्करने नाव लिहायचं. काम एवढंच, पण अक्षर असं ठसठशीत की पेशंट पाकीट हातात घेतल्यावर आधी अक्षराकडे बघत आणि मग आपल्या आजाराकडे. हजेरीपटावर त्यांचं खरं नाव होतं म्हणे, पण ते तिथेच राहिलं. कॉम्प्युटर रुसला की मोठे डॉक्टर आपल्या खोलीतूनच सांगत, "सीडीबाईंना बघू दे." त्या एका वाक्यावर बाईंचे पुढचे आठ दिवस मजेत जात.

आणि मग नवी आली. पस्तिशीच्या आतली, कोर्स केलेली, बोलायला मऊ, आणि स्वतःचा डबा सगळ्यांपुढे सरकवणारी. तिच्यात नाव ठेवायला जागाच नव्हती, हेच बाईंच्या डोळ्यांत सगळ्यात जास्त खुपलं. दुसऱ्याच दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, "फार हुशार आहे हो ही." म्हणाले सहज, पण म्हणताना बघत होते बाईंकडे, आणि बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन महिन्यांत हुकूम निघाला: सीडीचं टेबल नवीकडे, सीडीबाईंनी नोंदणीच्या खिडकीवर बसायचं. खिडकी टेबलापासून सहा पावलांवर. मध्ये काच, काचेला वर हातभर फट. दिसावंही सगळं आणि ऐकूही यावं सगळं, अशी सोय.

सीडीबाई हॉस्पिटलमध्ये झाडून सगळ्यांना अरे-तुरे करत. नर्सला, लिफ्टवाल्याला, कँटीनच्या मालकालासुद्धा. नवीला मात्र पहिल्या दिवसापासून त्यांनी 'तुम्ही' लावलं. न ओळखणाऱ्यांना वाटलं, काय मान देतात! ओळखणाऱ्यांना कळलं की हा मान नाही, ही दाराला लावलेली कडी आहे. नवीने एकदा अजिजीने म्हणून पाहिलं, "बाई, मला तू म्हणा ना. मी केवढी लहान आहे तुमच्याहून."

"असू दे. तुम्ही शिकलेल्या," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

टेबल सोडायचा दिवस शुक्रवार. नवीने सीडी बर्न करायचा आपला नवा प्रोग्राम त्या मशीनवर आठवडाभर आधीच बसवला होता, आणि बाईंचा जुना प्रोग्राम त्याच्या शेजारी तसाच ठेवला होता. शुक्रवारी संध्याकाळी नवी घरी गेल्यावर बाईंनी ड्रॉवर रिकामा केला. एक सुकलेला मार्कर, चष्म्याचं फडकं, काही रिकामी पाकिटं. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. तिथे त्यांचा प्रोग्राम बसला होता, ज्याचं एकेक बटण त्यांनी चुकत-माकत, कोणाला न विचारता शिकून घेतलं होतं. सोमवारपासून ही बया त्यावरसुद्धा बोटं फिरवणार. छे! माझं काही हिच्या हाताखाली राहायला नको. बाईंनी प्रोग्राम काढून टाकला, मशीन बंद केलं, पर्स उचलली. घरी जाताना त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं.

सोमवारी साडेनऊला नवीने मशीन चालू केलं, पहिली कोरी सीडी ड्राइव्हमध्ये घातली, आणि प्रोग्राम म्हणाला: ड्राइव्ह सापडला नाही.

ड्राइव्ह तर समोर होता. बटण दाबलं की ट्रे बाहेर येत होता, आत जात होता, हिरवा दिवा लुकलुकत होता. पण प्रोग्रामच्या लेखी तो जगातच नव्हता. नवीने मशीन बंद करून चालू केलं. केबल काढून फुंकर मारून परत लावली. प्रोग्राम काढून पुन्हा बसवला. स्टोअरमधून सुटा ड्राइव्ह आणून जोडला, तर तोही सापडेना. पेनड्राइव्ह लावायला विभागात बंदी होती, आणि स्कॅनची चित्रं दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडत नव्हती. अकरा वाजेपर्यंत नवीच्या वेणीतून केस सुटून कपाळावर आले होते.

काचेअलीकडे बाईंच्या मनात उकळ्या फुटत होत्या. आता कुठे गेला कोर्स? आता का नाही म्हणत तिला कोणी हुशार? आणि तेवढ्यात त्यांना आठवलं.

सहा वर्षांपूर्वी अगदी हेच झालं होतं. प्रोग्राम बदलताना जुना काढला आणि ड्राइव्ह गायब. एक रिपेअरवाला दोन दिवस घाम गाळत होता. शेवटी सापडलं तेव्हा त्याने बाईंना समजावून सांगितलं होतं: हे प्रोग्राम बसताना ड्राइव्हच्या दारात आपले दोन राखणदार बसवतात. एकाचं नाव अप्पर फिल्टर, दुसऱ्याचं लोअर फिल्टर. प्रोग्राम निघून जातो, पण हे दोघे कधीकधी दारातच राहतात. मालक नाही, काम नाही, तरी कोणाला आत सोडत नाहीत. कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदवहीत जायचं, त्या दोन्ही ओळी पुसायच्या, मशीन बंद करून चालू करायचं. संपलं. बाईंनी तेव्हा हा उपाय एका रिकाम्या पाकिटावर पायरीपायरीने लिहून ठेवला होता. शुक्रवारी ड्रॉवर रिकामा करताना तेच पाकीट त्यांच्या पर्समध्ये आलं होतं.

म्हणजे ड्राइव्ह मी घालवला.  पण या विचाराच्या मागोमाग दुसरा आला: मग मला बोलावतीलच. मोठे डॉक्टर आत्ता खोलीतून म्हणतील, सीडीबाईंना बघू दे. म्हणाले की उठायचं, सावकाश जायचं, सगळ्यांच्या देखत दोन ओळी पुसायच्या. बाई पर्स मांडीवर घेऊन वाट बघत बसल्या.

कोणी म्हणालं नाही. मोठे डॉक्टर दोनदा आले, नवीच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "घाबरू नकोस, तुला जमेल." ते ऐकून बाईंचा नुसता तिळपापड झाला. एकोणीस वर्षांत त्यांना कोणी 'तुला जमेल' म्हटलं नव्हतं. त्यांना जमत होतं ना, म्हणून.

खिडकीसमोरच्या बाकावर एक आजोबा सकाळपासून बसले होते. शेजारी चाकाच्या खुर्चीत आजी. आजींच्या मणक्याचं ऑपरेशन करायचं होतं, ते दुसऱ्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात. तिथले सर्जन सीडी बघितल्याशिवाय दाखल करून घेत नव्हते, आज पाचपर्यंत होते आणि उद्यापासून पंधरा दिवस सुट्टीवर. गाडीने दोन तासांचा रस्ता. म्हणजे तीनला निघायलाच हवं होतं. आजोबा दर वीस मिनिटांनी खिडकीशी येत.

"ताई, झालं का हो?"

"मशीन बिघडलंय आजोबा. चाललंय काम."

"हो, बघतोय ना मी. ती आतली पोरगी फार धडपडतेय बिचारी. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नाही."

झालं! पेशंटसुद्धा तिचंच कौतुक करायला लागले. बाईंनी पर्सची चेन लावली. न जेवता बसल्या होत्या त्याही, पण ते कोणाला दिसलं? एक वाजला. दोन वाजले. आजींना खुर्चीत बसवेना, तेव्हा आजोबांनी त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि तसेच अवघडून बसून राहिले. बाईंनी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर दोन मिनिटांनी बघितलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी आजोबा पुन्हा आले. या वेळी त्यांच्या हातात एक जुनं पाकीट होतं, कडा मऊ पडलेलं. "हे चालेल का ताई? सहा वर्षांपूर्वीचा हिचा स्कॅन. इथूनच दिला होता. मी जपून ठेवलाय." मग पाकिटावरच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "तेव्हा कोण होतं देव जाणे, पण अक्षर बघा. हे वाचलं की मला वाटतं, आपल्या माणसाने लिहिलंय."

बाईंनी अक्षर बघितलं. त्यांचंच.  एकोणीस वर्षं ज्या कौतुकासाठी जीव टाकला, ते खिडकीतून समोर आलं होतं, आणि ते घ्यायला त्यांना तोंड नव्हतं. त्यांनी पर्स उघडली, आपलं पाकीट काढलं आणि सहा पावलं चालून गेल्या.

नवी पडद्याकडे बघत होती. पडद्यावर रजिस्ट्री उघडली होती, आणि ड्राइव्हच्या नावापुढे दोन ओळी: एक अप्पर, एक लोअर. दोन्हींत बाईंच्या जुन्या प्रोग्रामचं नाव. हिने स्वतःच शोधलं होतं. बाजूला दुसरी खिडकी उघडी होती, तिच्यात प्रोग्राम काढल्याची नोंद: शुक्रवार, पाच वाजून दहा मिनिटं. शुक्रवारी पाच वाजून दहाला या खुर्चीत कोण बसलं होतं, हे सांगायला कोर्स लागत नव्हता.

नवीने मान वर केली. डोळे लाल झाले होते. बाई आता बोलणी खायच्या तयारीने उभ्या राहिल्या.

"बाई," ती हळूच म्हणाली, "दोन्ही पुसू, की एकच?"

"दोन्ही पूस," बाईंच्या तोंडून निघून गेलं. "आणि मशीन बंद करून चालू कर. घाबरू नकोस गं."

दोघींनाही ते 'गं' ऐकू आलं. नवीने दोन्ही ओळी पुसल्या.

मशीन पुन्हा चालू झालं, प्रोग्राम उघडला, आणि त्यात ड्राइव्हचं नाव मुकाट दिसू लागलं. आजींची सीडी फिरायला लागली. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले.

"सुटलं? काय झालं होतं?"

"जुन्या प्रोग्रामचं थोडं मागे राहिलं होतं, सर," नवी म्हणाली. "बाईंनी सांगितलं म्हणून सापडलं."

"तरी मी म्हणत होतो!" डॉक्टर म्हणाले. त्यांनी असं काही म्हटलं नव्हतं. "सीडीबाईंना बघू द्यायला हवं होतं सकाळीच."

तेच वाक्य. दोन महिने कान ज्याची वाट बघत होते ते, आणि ते मिळालं कोणाच्या हातून? ही बया हुशारीत पुढे, धीरात पुढे, आणि आता चांगुलपणातही पुढे जाणार, आणि मी हिच्या उपकाराखाली खिडकीत बसून राहणार? बाईंना ते सहन होणं शक्यच नव्हतं. त्या खरं बोलल्या ते सचोटीने नव्हे, निव्वळ जळून बोलल्या.

"नाही सर. शोधलं हिने. तो प्रोग्राम शुक्रवारी मी काढला. आणि उपाय मला माहीत होता."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कधीपासून?"

"सकाळी आठवला. अकराच्या सुमाराला."

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग काचेतून बाकाकडे, जिथे आजी डोळे मिटून खांद्यावर टेकल्या होत्या. ते रागावले असते तर बाईंनी उलट उत्तर दिलं असतं, तयारच होतं. "आधी त्यांना मोकळं करा," ते म्हणाले. "आपण उद्या बोलू."

ट्रे बाहेर आला. नवीने सीडी पाकिटात घातली आणि मार्कर बाईंपुढे धरला. बाईंनी आजींचं नाव लिहिलं. शेवटचं अक्षर जरा कललं. पाकीट घेऊन त्या बाकापाशी गेल्या. तीनला पाच कमी होते.

आजोबांनी नाव वाचलं, मग जुनं पाकीट काढून शेजारी धरलं आणि बाईंच्या तोंडाकडे बघतच राहिले. "अहो, म्हणजे तुम्हीच! मग आधी का नाही सांगितलंत? तरीच काम झालं म्हणायचं. तुम्ही होता म्हणून वेळेत मिळालं."

"आजोबा, माझ्यामुळेच उशीर झाला," बाई म्हणाल्या.

"छे हो, मशीनच्या मनात आल्यावर तुम्ही काय करणार!" आजोबा हसले, आजींना म्हणाले, "बघ गं, यांनीच दिली," आणि खुर्ची ढकलत गाडीकडे निघाले.

बाई त्यांच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या. हे कौतुक काचेपलीकडच्या नवीला मिळायला हवं होतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.