फौजीच्या बाहीवरचा बिल्ला

आमचा फौजी घरच्या साध्या शर्टावरही बिल्ला लावून फिरायचा. कापडी, आभाळी रंगाचा, डाव्या बाहीवर खांद्याजवळ. बऱ्याच देशांनी मिळून आफ्रिकेत एक फौज धाडली होती, तिच्यात तो गेलता. तिथला तो बिल्ला. आमच्या नाचणगावात नवखा माणूस तो बिल्ला पाहून हसायचा. गावचे नाही हसायचे.

माझं टेलरिंगचं दुकान. शिकलो दुसरीपर्यंत, पण माझी शिलाई उसवलेली कोणी दाखवावी. फौजीचा नवा शर्ट शिवला की जुन्यावरचा बिल्ला काढून नव्यावर लावायचा, हे काम माझंच. पण तीन कोपरे शिवायचे अन् चौथा मोकळा सोडायचा, असा त्याचा हुकूम.

"लोक म्हणतीन, टेलर मास्तरची शिलाई सुटली."

"म्हणू दे. तुह्या बापाचा हाय का शर्ट?"

एकदा मीही हट्टाला पेटलो. "कोपरा शिवू देत नसशीन तर दुसरा टेलर पाय." तेव्हा तो स्टुलावर बसला अन् बोलला. तिकडं एक गाव जळत होतं. छावणीच्या फाटकावर एका बाईनं त्याची बाही धरून ओढलं, चल म्हणून.

"हाती बंदूक होती मास्तर, हुकूम नव्हता. मी जाग्यावरून हाललो नाई. तिच्या हातानं कोपरा उसवला. मंग ती एकटीच गेली."

स्टुलावरून उठताना म्हणाला, "जित्ता हाओ तोवर वागवतो. मेल्यावर अंगावर ठेवू नको. अन् हे घरी कोणाले सांगजो नको."

मी हो म्हटलं.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. पांढरे कपडे घालून अंगणात ठेवला होता. बुद्धवंदना झाली. पोरगा बिल्ला घेऊन आला. "काका, तुमच्याच हातानं लावा. चारही बाजूनं, पक्का."

"त्याले नको होता."

"काऊन नको? बाबानं जिंदगीभर लावला!"

काय सांगू? समोर वहिनी, त्याची बायको. माजी सैनिक छाती काढून उभे. "नको म्हणत होता," एवढंच मी परत म्हटलं. सुई काही हातात घेतली नाही.

"बुढ्याचं डोकं चालत नाई आता," मागून कोणी बोललं. पोराच्या मामानं सेफ्टी पिन काढली, मोकळा कोपरा आत दुमडला अन् बिल्ला लावून दिला. सैनिकांनी सलामी दिली.

वहिनीनं मात्र माझं बोलणं ऐकलं होतं. बाजारातून येताना ती दुकानात टेकते.

"भाऊजी, ते काऊन नको म्हणत होते?"

"असंच, वयनी," म्हणतो अन् मशीन चालवायला घेतो.

ती लगेच उठत नाही.