बिनदुधाचं स्थळ

लग्न न जमलेल्या पोरांच्या टोळक्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. रविवारी पाहुणे येतात, चहा पिऊन जातात आणि मागं एक किस्सा सोडून जातात. आम्ही कुंडलचे चौघं. सगळ्यांचा ऊस, सगळ्यांची तिशी उलटलेली, सगळे बिनलग्नाचे. त्यात दिल्या लय हळवा, म्हणून त्याचे किस्से जास्त.

*

पुण्यात नोकरी करणारी एक मुलगी दिल्याचं घर बघायला आली. आता असंच चालतं; आधी घर बघतात, मग पोराचं तोंड. तिनं चहा नको, कॉफी चालेल म्हटलं. काकींनी, म्हणजे दिल्याच्या आईनं, पुडीतली कॉफी दुधात उकळून दिली. नकार आला. कारण सरळ होतं: पोरगा शेती करतो. पण दिल्यानं दोष लावला कॉफीला, आणि ऑनलाइन मोका पॉट मागवला. खाली पाणी, मधल्या चाळणीत पावडर, गॅसवर ठेवलं की वाफेच्या जोरानं कॉफी वरच्या भांड्यात चढते.

मी म्हटलं, "गड्या, पोरींना पगार पायजे, ह्यो लोटा न्हाई."



*

पहिल्यांदा पॉट गॅसवर चढवला आणि दिल्या मोटर चालू करायला रानात गेला. जाताना आईला सांगितलं, "आवाज आला की बंद कर." कॉफी वर आली, गुरगुरली, खालचं पाणी संपलं, तरी काकी निवांत. जळक्या रबराचा वास अंगणात आला तेव्हा मी आत धावलो.

काकी म्हणाल्या, "आवाज कवाच आला रं, पर शिट्टी कुटं झाली?"

*

दिल्याचे वडील आबा, फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. त्यांनी एक घोट घेतला आणि खिडकीतून थुंकला.

"मयताच्या घरी कडू घास देत्यात, त्यो बी ह्याच्यापरीस गोड असतोय. आन् तू ह्याच्यावर लगीन ठरीवणार?"

दिल्यानं कप धुतला. मला आबांचाच राग आला. पोरगं निदान काहीतरी धडपडत होतं.

*

उंब्रजचं स्थळ आलं. दिल्यानं हौसेनं छोट्या कपांत काळी कॉफी आणली. मुलीचा मामा कपात बघतच राहिला.

"म्हशी आटल्या का वो?"

मागं परड्यात चांगल्या दुभत्या म्हशी बांधलेल्या! काकी दुधाचा तांब्या घेऊन धावल्या, पण व्हायचं ते झालं. ह्यांचं सगळं दूध डेअरीला जातं, पोरीला घोटभर मिळायचं नाही, असं मामानं गावभर केलं. गेलं स्थळ.

*

मग विट्याकडची एक आली. तिनं ती कॉफी बिनसाखरेची प्याली आणि आणखी मागितली. "कशी करता, दाखवा की," म्हणत गॅसपाशी जाऊन उभी राहिली. पॉट गुरगुरेपर्यंत दोघं बोलत होते. नंतर दिल्या मला म्हणाला, "ही व्हय म्हनल बघ." मग सारखा हातात फोन.

एक दिवस तिचे वडील एकटेच आले. काकींनी लगबगीनं साखरेचा डबा काढला. पाहुणे उसावर बोलले, पावसावर बोलले, मग खाली बघत म्हणाले, "राग मानू नगा. पोरीचं पुण्यातलं जमतंय. पोरगा रविवारी बघायला येणार हाय. त्याला असलीच कॉफी लागती म्हनं. एक दिवस ते भांडं मिळंल का?"

आबा उठून परड्यात गेले. मी दिल्याला डोळ्यांनी "न्हाई म्हण" असं खुणावलं.

दिल्या म्हणाला, "नुस्तं भांडं नेऊन काय करशीला? मीच येतो."

मूर्ख कुठला. एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मीही गेलो. त्यांच्या स्वयंपाकघरात दिल्यानं कॉफी केली, मुलीनं ट्रे बाहेर नेला. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"कॉफी कुणी केली?" पुण्याच्या पोरानं विचारलं.

"आमच्या पोरीनंच की," वडील म्हणाले.

मुलगी रिकामा ट्रे घेऊन आत आली. दिल्याकडं न बघता म्हणाली, "त्यांना कडू लागतीया. दूध-साखर घालून मागितलीया."

दिल्यानं दूध तापत ठेवलं आणि साखरेचा डबा पुढं ओढला.

"किती चमचं?" त्यानं विचारलं.