आप्पांची दिल्लीतली बैठक

शिरूर आन् दौंड, दोन्ही तालुक्यांत माणसाची पारख माझ्याइतकी कुणाला न्हाई. आता ज्या आप्पांना मी कारेगावात माझ्या टपरीवर वर्सानुवर्सं चहा पाजला, त्यांच्याच मनातलं मला कळलं न्हाई, ही गोष्ट येगळी.

आप्पा मूळचे खुटबावचे, आता धाकट्या लेकाकडं कारेगावात ऱ्हात्यात. सोयरिकी जुळवाव्यात त्यांनीच. नेम कडक. बैठकीत मधी बोलायचं न्हाई, मोठ्यांच्या आधी पोह्याला हात लावायचा न्हाई, आन् पोरगी बघायला गेलं की बघायचं तिच्या बापाकडं. एकदा मला संगं न्हेलं. गप बसायचं म्हणून मी पार ठरवून गेलो हुतो, पण नवऱ्या मुलाचं टक्कल दिसलं आन् तोंडातनं निसटलंच, "बाशिंग घसरंल बरं का!" बाशिंगाचं ऱ्हाऊ द्या, सोयरीकच घसरली.

मग दिल्लीच्या मोठ्या कोर्टात ती केस उभी ऱ्हायली. बाप्याचं बाप्यासंगं, बाईचं बाईसंगं लगीन कायद्यात बसवायचं का, त्याची. समदं थेट दिसायचं. आप्पांनी टपरीतला टीव्हीच ताब्यात घेतला. मॅच बघायला आलेली कंपनीतली पोरं बोंबलली. आप्पा म्हणले, "तरुणपणी बांधाच्या केसला गेलो, तवा दाराबाहीर बसून दिस काढलं. आज दिल्लीचं कोर्ट माझ्याम्होरं बसलंय. उठणार न्हाई."

समदं इंग्रजीत. आप्पांना त्यातलं काय कळंना, आन् मला तर यष्टीची मराठी पाटीबी दुसऱ्यानं वाचून दावावी लागती. पण आप्पा टोपी नीट करून, मांडी घालून बसायचे. "भाषा कशाला लागती? तोंडाकडं बघ. त्यो साहेब सारखा चष्मा पुसतोय, म्हंजी आतनं नरमलाय." जज्ज जेवाय उठले की मगच आप्पा डबा सोडायचे. पाहुण्यांच्या आधी कसं जेवायचं?

मला ऱ्हावंना. "आप्पा, दोन नवरदेव म्हंजी घोड्याबी दोन लागत्याल. सांगून ठिवू का?"

टपरी हसली. आप्पा न्हाई. पोरं ड्युटीवर गेल्यावर हळूच म्हणले, "माझा थोरला पुण्यात एका पोरासंगं ऱ्हातो. संसारच हाय त्यो. त्या पोराचा बाप कोरेगाव भीमाला. पोरांना दारात उभं करत न्हाई. कोर्टानं व्हय म्हणलं की टावेल-टोपी घिऊन मी त्याच्याकडं जाणार हाय."

चहा उतू गेला, तरी मी गॅस बंद केला न्हाई.

निकालाच्या दिवशी जज्ज लई येळ वाचत हुते. कुणी सांगायच्या आधीच आप्पा म्हणले, "न्हाई म्हणत्यात." कायदा करायचा तर संसदेनं करावा, आसं कोर्ट म्हणलं, त्ये आमाला मागनं कळलं. आप्पांनी पिशवीतनं टावेल-टोपी काढली, घडी नीट केली, परत आत ठिवली आन् कोरेगावच्या गाडीला हात केला.

"आवो आप्पा, कोर्टानं न्हाई म्हणलं की!"

"कोर्टाचं झालं. बापाला आजून कुणी इचारलंय कुठं?"

मी घाईघाईनं टपरीला फळी लावली, शर्ट झटकला. "बैठकीला एकट्यानं जाऊ ने. थांबा, मी येतो."

आप्पा गाडीच्या पायरीवर थांबले. माझ्याकडं बघितलं, लई मायेनं, निदान मला तरी तसं वाटलं.

"तू नगं येऊ. माझ्या व्याह्याला टक्कल हाय."