डॉक्टरांच्या संघातला कीपर

वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी मी वडिलांकडून पुष्कळ ऐकल्या होत्या. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. सदतिसाव्या वर्षी, तेही डेट्रॉइटच्या उपनगरात, आपल्यावर तीच पाळी येईल असं काही वाटलं नव्हतं. फरक एवढाच की माझा वार आठवडाभराचा असायचा. रविवारची मॅच संपली की माझी बॅग एका डॉक्टरांच्या डिकीतून दुसऱ्या डॉक्टरांच्या डिकीत जायची आणि मी नव्या बेसमेंटमध्ये झोपायला.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. तिथल्या आपल्या डॉक्टर मंडळींनी क्रिकेट क्लब काढला होता. हौस दांडगी. बॅटिंग सगळ्यांनाच हवी, विकेटमागे वाकायला मात्र कोणी तयार नाही. म्हणून त्यांनी तिकीट पाठवून उन्हाळ्यापुरता एक व्यावसायिक कीपर मागवला. तो मी. शनिवार-रविवारी मॅच खेळायची आणि मधल्या संध्याकाळी त्यांना शिकवायचं.

राज्याच्या संघातून माझं नाव आदल्याच वर्षी गेलं होतं. क्रिकेटवर मिळालेली बँकेतली खुर्ची शाबूत होती, पण तिथले लोक ओळख करून देताना 'माजी' म्हणायला लागले होते. इथे निदान कीपर म्हणून हाक मारायचे. सीझन संपल्यावर पुढच्या वर्षी मला बोलवायचं की नाही, हे कॅप्टन ठरवणार होते. मला परत यायचं होतं. अमेरिकेची हौस म्हणून नव्हे. ग्लोव्ह्ज घालायला मला दुसरी जागाच उरली नव्हती.

तसा मी दमलोच होतो. कीपरची नोकरी म्हणजे दिवसभर उठाबशा. शाळेत शिक्षा म्हणून काढायला लावतात, त्या मी इतकी वर्षं हौसेने काढल्या. शंभर चेंडू नीट धरले तर कोणी बघत नाही, एक सुटला की गावभर होतं. बॅटिंगला सातव्या नंबरवर जायचं, म्हणजे एक तर वरचे सगळे गडगडलेले, नाही तर ओव्हर संपत आलेल्या. गुडघे सकाळी जिना उतरताना कुरकुरायचे. पण गुडघे झाकता येतात.

जून महिन्यात बोट मोडलं. पार्कमधल्या काथ्याच्या मॅटच्या कडेवर चेंडू आपटला, वेडावाकडा उसळला आणि उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर बसला. आतून काहीतरी कट्कन वाजलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी मी चेंडू उचलून बोलरकडे फेकला. ओव्हर संपल्यावर पाठ फिरवून दोन बोटं एकत्र चिकटपट्टीने बांधली आणि ग्लोव्ह पुन्हा चढवला.

आता गंमत बघा. स्लिपला हाडांचे डॉक्टर, म्हणजे आमचे कॅप्टन. मिडऑफला भूल देणारे. कव्हरला मुलांचे डॉक्टर. एवढ्या डॉक्टरांच्या गराड्यात मी मोडकं बोट लपवत होतो, आणि ते लपतही होतं! कॅप्टनना कळलं तर पुढचं वर्ष गेलंच, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

पंचाईत व्हायची ती जेवताना. हाताने भात कालवता येईना, पोळीचा तुकडा मोडता येईना. मी चमचा मागायला लागलो. "आला नाही तोच साहेब झाला!" म्हणून घरोघरी माझी थट्टा व्हायची. एका घरी आईने मुलाला हाताने जेवायचा आग्रह केला, तर तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बट काका इज युजिंग अ स्पून टू!" मीही सगळ्यांबरोबर हसलो.

ऑगस्टमध्ये वार कॅप्टनच्या घरी आला. पहिल्याच रात्री वहिनींनी माझ्या ताटात पोळीचे तुकडे करूनच वाढले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही.

"अहो, यांचं बोट बघा ना जरा. घास धरता येत नाहीये त्यांना."

कॅप्टननी ताटातून मान वर केली नाही. "बघितलंय गं. मी स्लिपलाच होतो ना, आवाज पण ऐकला. तेव्हाच प्लास्टर घातलं असतं, तर कीपिंग काय तू केलं असतंस?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस यार. फायनल झाली की एक्स-रे काढू."

आधी मला हायसंच वाटलं. पकडलो गेलो आणि शिक्षा झाली नाही. मग बेसिनपाशी संताप आला. चमच्याने जेवलेल्या हाताला धुण्यासारखं काही नव्हतं, तरी मी तो बराच वेळ नळाखाली धरला. मी लपवत होतो तोवर ठीक होतं. पण त्यांनी ते माहीत असून चालू दिलं होतं.

वहिनी मागून येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच नाही म्हणा ना खेळायला."

"नाही म्हटलं तर मी इथे कोण, वहिनी?"

त्यांनी टॉवेल पुढे केला.

फायनल आम्ही जिंकलो. मी दोन कॅच घेतले. सोमवारी कॅप्टननी त्यांच्या क्लिनिकमध्ये एक्स-रे काढला आणि फिल्म उजेडावर धरली.

"जुळलंय, पण वाकडं. पुन्हा मोडून बसवलं तरी कीपिंगला पूर्वीसारखं चालायचं नाही. आणि अशा बोटाने तू कॅच घेतलेस! मानलं तुला, खरंच."

बोलण्यात कुठे खोट नव्हती. त्यांना माझं मनापासून कौतुक वाटत होतं, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. फिल्म पाकिटात घालता घालता त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षीसाठी तिकडचा एखादा तरुण कीपर सुचव ना. यातलं तुझ्याइतकं कोणाला कळणार?"

राज्याच्या संघात माझ्या जागी ज्या मुलाला घेतलं होतं, त्याचं नाव मी सांगितलं. आणखी एक-दोन नावं जिभेवर आली होती. पण कीपर तोच चांगला होता.