डासमावशी आणि सरकार

लहान मुलांच्या हृदयविभागात रक्त काढणाऱ्या बाईंना सगळे डासमावशी म्हणत. नाव त्यांनीच घेतलं होतं. दुसऱ्या कुणी ठेवण्याआधी आपणच ठेवलेलं बरं, असा त्यांचा हिशेब. हात इतका हलका, की गप्पांच्या नादात रक्त काढून व्हायचं आणि पोराला पत्ता लागायचा तो कापूस दाबल्यावर.

एक गोष्ट मात्र मावशींनी साऱ्या विभागापासून लपवली होती. स्वतःच्या हाताला सुई लागणार म्हटलं की त्यांची घाबरगुंडी उडायची. कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी आली की कधी सर्दी, कधी घरी पाहुणे, अशी कारणं काढून त्या गुल होत.

हे बिंग फुटलं ते सरकारांमुळे. सरकार म्हणजे दुसरीत शिकणारी एक मुलगी. दुसऱ्याचं हृदय बसवलेली, आणि रुबाब असा की नाव आपोआप पडलं. तिचं शरीर नव्या हृदयाशी जुळवून घेतंय की भांडतंय हे बघायला डॉक्टर तिला झोपवायचे, मानेतल्या शिरेतून नळी घालून हृदयाचा कणभर तुकडा काढायचे. या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी नुसतं रक्त तपासू. हृदयाला इजा होत असली, तर ज्याचं ते हृदय, त्याच्या डीएनएचे तुकडे रक्तात वाढतात. नाही वाढले, तर नळी टळेल."

आईचा जीव भांड्यात पडला. सरकारांनी हात पाठीमागे लपवले.

"नळीच्या वेळी मी झोपलेली असते. हे तर जागेपणी. मला नळीच पाहिजे."

आईने समजावलं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सरकार ढिम्म. शेवटी हुकूम सुटला, "आधी मावशीचं रक्त काढा. मग माझं."

"माझं कशाला गं? मी ठणठणीत आहे," मावशी म्हणाल्या आणि दाराकडे सरकल्या.

तेवढ्यात परिचारिका हसत म्हणाली, "बरं झालं. वार्षिक तपासणी राहिलीच आहे यांची."

पळायला वाट उरली नाही. मावशी खुर्चीत बसल्या, बाही वर केली आणि पांढऱ्याफटक पडल्या. सरकारांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"मावशी, तू घाबरतेस?"

"खूप."

"मग माझा हात धर. तिकडे बघू नकोस. शाळेतलं काहीतरी सांग."

मावशींनी डोळे मिटून कसाबसा सातचा पाढा म्हटला. त्यात त्या दोनदा चुकल्या आणि दोन्ही वेळा सरकारांनी सुधारलं. तोवर परिचारिकेने त्यांचं रक्त काढूनही घेतलं. मग सरकारांनी स्वतःचा हात पुढे केला.

सरकारांच्या रक्तात ते डीएनएचे तुकडे वाढलेले निघाले. त्यामुळे नळी टळली नाहीच, उलट लगेच घालावी लागली. भांडण खरंच सुरू झालं होतं, पण अगदी कुरबुरीच्या पातळीवर. मुलीला काहीच जाणवत नव्हतं, धावत-खेळत होती. जोरदार औषधं दिली, गाल फुग्यासारखे झाले, भूक अशी लागायची की आई स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. पुढच्या रक्तात तुकड्यांचा आकडा उतरला, त्याच्या पुढच्यात आणखी.

डासमावशी आता वार्षिक तपासणी चुकवत नाहीत. भीती गेली म्हणाल, तर तसूभरही नाही. फक्त तारीख मागून घेतात, सरकार तपासणीला येणार असतील त्या दिवसाची.