डंकरच्या कानात लसणाचं तेल

कॅनडातल्या किचनर गावच्या आमच्या घरात नॉर्वेचा एक राजपुत्र राहतो. जात डंकर. निळसर राखाडी अंगावर काळे शिंतोडे, जणू कुणी दौत झटकली आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा म्हणजे सशाचा वास काढत धावणं. फिरायला नेलं की नाक जमिनीला चिकटतं आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला मी तरंगत जातो. राखणदारीत मात्र भोपळा.

कित्येक वर्षांच्या विनवण्यांनंतर आई साताऱ्याहून आली आणि दारातच थबकली.

"हा कुत्रा आहे की स्वागत समिती? मला शेपूट हलवली, पार्सलवाल्यालाही तशीच हलवली!"

दोन दिवसांत निकाल लागला. "हा घरात, तर मी तुझ्या भावाकडे, कोक्विटलामला. शनिवारचं तिकीट काढ."

मी तिकीट काढलं. बायको माझ्याशी बोलेना, लेक कुणाशीच बोलेना.

डंकरचे कान लांब, लोंबते. आत ओल राहिली की दुखणं ठरलेलं, म्हणून लेक दर रविवारी ते औषधाने पुसून कोरडे करते. त्या आठवड्यात तो कान खाजवत कण्हत होता. आम्ही सगळे कामावर. आईने पाहिलं, आणि साताऱ्यात आम्हा भावंडांवर जो प्रयोग व्हायचा तोच केला: तेलात लसूण तडतडवून, कोमट करून, दोन्ही कानांत.

राजपुत्राने मान झटकली. संध्याकाळी बेसमेंटची पांढरी भिंत ठिपक्याठिपक्यांची झाली होती, अगदी त्याच्यासारखी.

"तेल? लसूण?" जनावरांची डॉक्टरीण माझ्याकडे बघत म्हणाली. मी मान खाली घातली. लसूण कुत्र्यांना बाधतो, तेलाने ओल आत कोंडते, हे सगळं ऐकून घेतलं. कान साफ झाले आणि रोज दोन वेळा घालायचे थेंब मिळाले.

लेक बाटली घेऊन पुढे आली, तो सोफ्याखाली. मी गेलो, तो टेबलाखाली. शेवटी आई खुर्चीतून गरजली, "ए शहाण्या, इकडे ये!" हा मुकाट गेला आणि तिच्या मांडीवर डोकं टाकून पडला. बहुधा मांडीला अजून लसणाचा वास होता. नाकच ते!

"बाबा, तो ओन्ली लिसन्स टू आजी," लेक कुरकुरली.

"काय म्हणते ती?"

"तुझंच ऐकतो म्हणते."

"मग? तुझ्या बापापेक्षा बरा," आई मला म्हणाली.

शुक्रवारी रात्री भावाचा फोन आला. "आई, बॅग भरलीस का?"

"आणि थेंब कोण घालणार? तुझा दादा? त्याला पाहिलं की हा टेबलाखाली जातो."

परवा डॉक्टरणीने कान तपासून सांगितलं, पूर्ण बरे झाले. मी घरी येऊन ही खुशखबर दिली. आईने चष्मा लावला, कान उलटून उजेडात धरला आणि बराच वेळ बघितलं.

"मला अजून जरा लालसर वाटतो," ती म्हणाली.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो गं आई, आहे खरा लालसर."

राजपुत्राने शेपूट हलवली.