पोळ्याचं आवतण आणि पांढरा ससा

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही तुमच्या सशाची मान दाखवलीत. केस गेलेले, कातडी गुलाबी, कडेला कोंडा. मग धाकटीनं विचारलं, "आजी, तुमच्याकडे पण ससे होते ना? तुम्ही काय केलं होतं?" मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. तोंडी सांगितलं असतं तर काहीतरी गोड सांगून मोकळी झाले असते. लिहिताना तसं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं बिऱ्हाड तेव्हा औरंगाबादेत छावणीच्या बाजूला होतं. एका ओळीत पाच घरं, मागे सामाईक अंगण, अंगणात कडुलिंब. निजामाविरुद्धची पोलिस अ‍ॅक्शन झाली तेव्हा मी शाळेत होते. ही गोष्ट त्याच्या बरीच नंतरची, तुमचा बाबा तिसरीत असतानाची. शेजारच्या खालांनी त्याला सशांची जोडी दिली. दोन्ही पांढरे, लाल डोळ्यांचे. बाबानं आठवडाभर कौतुक केलं आणि मग त्याला गोट्यांचा नाद लागला.

ससे राहिले तुमच्या पणजीपाशी. माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. सासरे गेल्यावर आत्याबाई अजिंठ्याकडचं गाव सोडून आमच्याकडे आल्या होत्या. गावी गोठा होता, चार बैल होते, दावणीला कायम एखादं वासरू असायचं. इथं दोन खोल्या आणि मोरी. त्या दिवसभर दिवाणावर बसून राहायच्या आणि स्वतःच्या हातांकडे बघायच्या. मी निवडायला तांदूळ द्यायचे. ते झाले की पुन्हा हातांकडे.

सशांना पहिल्यांदा त्यांनी उंदराचे थोरले भाऊ म्हटलं. "दूध न्हाई, नांगर न्हाई, राखण न्हाई. कशाला पाळायचं गं ह्येला?" पण ससे त्यांच्याच पायाशी येऊन बसायचे. नर तर त्या बसल्या असल्या की दिवाणाचा डावा पाय कुरतडायचा. तुमचे आजोबा रागावायचे. आत्याबाई म्हणायच्या, "कुरतडू दे. त्येचं दात वाढत्यात, मग काय करावं त्यानं?" पुढे पुढे नर त्यांच्या मांडीवर झोपायला लागला. त्या त्यांच्या लाकडी फणीनं त्याचे केस विंचरायच्या आणि गावच्या बैलांच्या गोष्टी त्यालाच सांगायच्या. तुमचे आजोबा पडेगावच्या रस्त्यानं सायकलवर लसूणघासाची पेंढी आणायचे. ती सोडून काड्या वेगळ्या करायचं कामही आत्याबाईंनी आपल्याकडे घेतलं. त्या घरात आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

खाज आधी मादीला सुटली. मागच्या पायानं कान खाजवायची, थांबायची, पुन्हा खाजवायची. मग कानांच्या कडांना आणि नाकाला पांढरी खपली धरली. खाला अंगणात वाकून बघून म्हणाल्या, "क्या बाजी, आटे के डब्बे में मुंडी डाली क्या ये?" आम्ही सगळ्या हसलो. खरंच पीठ लागल्यासारखंच दिसायचं. पंधरवड्यात ते पीठ पंजांपर्यंत आलं, बोटांमधली कातडी जाड झाली, केस झुपक्यानं निघायला लागले. तिनं खाणं सोडलं आणि उन्हाळा संपायच्या आत ती गेली. तोवर नराच्या नाकावरही पीठ दिसायला लागलं होतं आणि मानेवरचे केस गेले होते.

मी तेव्हा शाळेत शिकवायचे; ओळखीनं कॉलेजच्या ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तक आणलं. त्यात सशाच्या कातड्याचे हातमोजे कसे करावेत ते होतं, मांस किती वेळ शिजवावं ते होतं. खरजेवर एक ओळ नव्हती.

मग मी आणि आत्याबाई नराला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. रांगेत पुढे म्हैस, मागे दोन शेळ्या. शेळीवाला सारखा टोपलीत डोकवायचा. डॉक्टर म्हणाले, "ताई, ससा आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मला शिकवलं ते बैलाचं. ह्याला अंदाजानंच औषध द्यावं लागेल."

आत्याबाई म्हणाल्या, "बैलाचंच द्या. थोडं कमी द्या."

डॉक्टर हसले. खरूज आहे, बारीक किडे कातडीत घर करतात, माणसालाही थोडी खाज देतात, असं त्यांनी समजावलं. गंधकाचं मलम दिलं. थोड्या थोड्या जागी लावा, चाटू देऊ नका, खालचं गवत रोज बदला. आत्याबाईंच्या हातांवरही पुरळ होतं, ते त्यांनी पदराखाली घेतलं. मी म्हटलं, बरं होईपर्यंत त्याला मांडीवर घेऊ नका. त्या म्हणाल्या, "मग मलम कोन लावनार? तू?" मला शाळेत जायचं असे. मलम त्याच लावत राहिल्या.

आणि गुण आला. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण गुण आला नसता तर पुढचं सोपं गेलं असतं. नाकावरच्या खपल्या सुटल्या. खाली नवी कातडी दिसली. श्रावणात मानेवर नवी लव आली, बोट फिरवलं तर कळावी इतकी. आत्याबाईंनी खालांना बोलावून दाखवली, बाबाला दाखवली, पेपर टाकणाऱ्यालासुद्धा दाखवली. "जगलं बघा," त्या म्हणायच्या. "मी म्हटलं व्हतं, जगतंय."

मग पोळा आला.

तुम्ही पोळा पाहिलेला नाही. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना कोमट तूप आणि हळद चोळायची आणि बैलाला म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी बैलांना अंघोळ घालायची, सजवायचं, पुरणपोळीचा घास भरवायचा. आत्याबाई गावी हे सगळं आपल्या हातानं करायच्या. शहरात आल्यापासून त्यांना पोळा नव्हता. मातीचे बैल पुजायचे आम्ही, पण मातीच्या बैलाला मळणार काय?

त्या संध्याकाळी मी घरी आले तर त्या दिवाणावर बसलेल्या, मांडीवर ससा, शेजारी वाटीत तूप-हळद. त्याच्या मानेवरच्या नव्या लवेत त्या बोटांनी हळूहळू मळत होत्या. ससा पिवळा झाला होता. बाबा हसून लोळत होता. तुमचे आजोबा म्हणाले, "आई, ह्यानं कुठं नांगर ओढलाय?"

"दुखनं वढलं की," आत्याबाई म्हणाल्या. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

आम्हा सगळ्यांना ते फार आवडलं. अडवावं असं कुणाच्याच मनात आलं नाही.

सशाला अंगाला लागलेलं चाटून काढायची सवय. रात्रभरात त्यानं ते तूप चाटलं. सकाळी आभाळ दाटलेलं होतं. आत्याबाईंनी कडुलिंबाचा पाला उकळून पाणी कोमट केलं आणि त्याला अंगणात अंघोळ घातली. भिजल्यावर तो इतकासा दिसला. सशाचे केस दाट असतात, वरून पुसले तरी तळाशी ओल राहते. ऊन पडलंच नाही. त्यांनी त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, फणी फिरवली, पुन्हा पुसलं. दुपारी पानावरच्या पुरणपोळीचा घास त्याच्या तोंडापुढे धरला. त्यानं नाक हलवलं नाही. लसूणघास धरला, तोही नाही.

"जेव की रं," त्या म्हणत राहिल्या. "आवतण दिलंय न्हवं तुला."

आमची पानं वाढून तशीच होती. संध्याकाळी त्याचे कान गार लागले. सणामुळे दवाखाना बंद होता. चुलीजवळ ठेवला, त्यांनी छातीशी धरला. उजाडायच्या आधी तो गेला. अंगावर जुनी खपली एकही नव्हती.

पुढे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "आतडी बंद पडली असतील, अंग गार पडलं असेल. लहान जीव, ताई." दोष त्यांनी कुणाला दिला नाही. घरी आल्यावर आत्याबाईंनी एकच विचारलं, "माझ्या हातानं गेलं का गं?" मी म्हटलं, रोगानं गेला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मी शिकलेली होते, पण त्यांनी आयुष्यभर जनावरं सांभाळलेली होती. बरी झालेली कातडी त्यांच्या बोटांनी पाहिली होती.

मलमानं त्यांचे हात साफ झाले. खालांनी नवीन जोडी देऊ केली, त्या "नगं" म्हणाल्या. पुन्हा त्यांनी कुठलंही जनावर मांडीवर घेतलं नाही, शेजारची मांजरसुद्धा नाही. पोळ्याला त्या मोरीकडे तोंड करून बसायच्या आणि मातीच्या बैलांची पूजा मी करायचे. अशी काही वर्षं काढून त्या गेल्या. त्यांना बरं वाटेल असं काही मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

तुमच्याकडे आता चांगले डॉक्टर आहेत, चांगली औषधं आहेत. सशाला भिजवू नका, अंगाला काही चोळू नका, एवढं मला सांगता येतं. तो जगेल असं मात्र मी लिहिणार नाही. मानेवर नवी लव आली म्हणजे तो जगला, असं मी एकदा धरून चालले होते.

ती पाच घरं पाडली, कडुलिंब रस्त्यात गेला, त्याखाली पुरलेले दोन्ही ससेही गेले. खाला नाहीत. शहराचं नावही आता पत्त्यावर वेगळं लिहितात. दिवाण माझ्या खोलीत आहे. त्याचा डावा पाय खालून कुरतडलेला आहे.